चाकांतले एक किलो

फेब्रुवारी महिन्यात आसूदच्या चढावर माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची तार तुटली. तीन महिन्यांतली ती तिसरी तार होती. एकच 'टण्ण' असा आवाज झाला, चाक डुलू लागले आणि उतरून पाहिले तेव्हा कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या चकत्यांच्या) बाजूची एक तार हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, कडेपाशी, नेमकी तिच्या बाकावर, तुटलेली दिसली. तो तुकडा मी बोटांत धरून उन्हात पाहिला. दोन मिलिमीटर जाडीचा तो छेद, पण त्याचा अर्ध्याहून अधिक भाग गंजून तपकिरी पडला होता आणि उरलेला चंद्रकोरीसारखा भाग चांदीसारखा चकचकीत होता. म्हणजे त्या तारेला चीर कित्येक आठवड्यांपूर्वीच गेलेली होती, त्या चिरेत खारी हवा शिरत होती आणि मी तीच तार घेऊन रोज चढ चढत होतो. त्या दिवशी तुटली ती केवळ उरलेली चंद्रकोर.

माझे घर मुरुडला आणि नोकरी दापोलीला आहे. अंतर १२-१३ किलोमीटरांचे, पण त्यात समुद्रसपाटीवरून सुमारे दोनशे मीटर वर चढावे लागते आणि त्यातला बहुतेक चढ आसूदनंतर येतो. आठवड्यातून तीन-चार दिवस मी सायकलने जातो. रविवारी हर्णैवरून खाडीचा पूल ओलांडून आंजर्ले, पाडले, आडे, उटंबर असे करत केळशीच्या वाळूच्या टेकडीपर्यंत जाणे हा गेल्या काही वर्षांचा नेम आहे. या किनाऱ्यावरचा रस्ता कधी सपाट नसतो. खाडी आली की उतरायचे, खाडी संपली की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, चढायचे. सड्यावर कातळ आणि जांभ्याचे खडे, खाली पुळण आणि खाजण, आणि सगळीकडे खारा वारा. सायकलच्या चाकांनी कोणत्या परिस्थितीत टिकायचे आहे ते इतक्यावरून ध्यानात यावे.

सायकल साधी, पुढे शॉक असलेली, २९ इंची चाकांची, ९ गिअरची माउंटन बाइक आहे. तुटलेली तार घेऊन मी खेडला ज्यांच्याकडे चाकांची कामे नेतो त्या चाचांकडे गेलो. त्यांनी चाक हातात फिरवले, रिमवरून अंगठा फिरवला आणि दोन जागा दाखवल्या. निपलच्या (तारेचे टोक रिममध्ये पकडणाऱ्या टोपीच्या) छिद्रांभोवती केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. मग त्यांनी मागचा हब उघडला. छर्रे जिथे फिरतात त्या वाटीत खड्डे पडलेले होते. "सर, छर्रे नवे टाकीन, कोनपण बदलीन, पण वाटी हबाचीच आहे, ती कुठून आणू? ह्या चाकावर आता पैसे घालू नका," असे ते म्हणाले. नवी चाके घेणे तर भागच होते. तेव्हा ती पूर्वीपेक्षा हलकी घ्यावीत आणि तरीही खिशाला झेपावीत, असे ठरवून मी पुढचे तीन महिने त्या एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. त्यातून जे हाती लागले ते इथे तपशिलाने लिहितो आहे, कारण हलक्या चाकांविषयीचा बहुतेक सल्ला कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी दिलेला असतो आणि तो जसाच्या तसा उचलून किनाऱ्यावर आणला तर नुकसान होते.

सुरुवात वजनापासून केली. दापोलीतल्या ओळखीच्या काजूच्या व्यापाऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो पाच ग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या एका दुपारी मी दोन्ही चाके, टायर, ट्यूब सगळे सुटे करून तिथे घेऊन गेलो आणि काजूबीच्या पोत्यांच्या शेजारी बसून एकेक वस्तू काट्यावर ठेवली. कॅसेट आणि रोटर (डिस्क ब्रेकची चकती) काढून, रिमच्या पट्टीसकट पुढचे चाक १,०९० ग्रॅम आणि मागचे १,४१० ग्रॅम भरले, म्हणजे जोडी अडीच किलोंची झाली. लोखंडी तारेच्या कडांचे दोन टायर मिळून १,७३० ग्रॅम होते. दोन ट्यूबा ४३० ग्रॅम. एकूण ४,६६० ग्रॅम. शेठ हे सारे कुतूहलाने पाहत होते. सायकलीतले वजन चाकांत किती असते, असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्याही पहिल्यांदाच लक्षात आले की चौदा किलोंच्या सायकलीतला तिसरा हिस्सा या चार-पाच वस्तूंतच आहे.

आता या वजनातले किती कमी केले असता काय मिळते, हे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण या विषयात अतिशयोक्ती फार आहे. चाकाच्या कडेवरचे वजन दोन कामे करते. ते सायकलीबरोबर पुढे जाते आणि त्याच वेळी गोलही फिरते, आणि कडेवरच्या बिंदूचा फिरण्याचा वेग सायकलीच्या वेगाइतकाच असतो. म्हणून वेग घेताना कडेवरचे एक किलो दोन किलोंसारखे जड पडते. हे गणित खरे आहे, परंतु ते फक्त वेग घेतानाचे आहे. एकदा वेग धरला आणि संथ लयीत चढ चढू लागलो की किलो हा किलोच असतो, मग तो रिमवर असो, फ्रेमवर असो किंवा पाठीवरच्या पिशवीत असो. मी, सायकल आणि पिशवी मिळून साधारण ८८ किलो होतात. त्यातून एक किलो उणे केले तर चढावरचे श्रम एक टक्क्याहून किंचित अधिक कमी होतात. आसूदपासून वर यायला मला अर्धा तास लागतो, त्यात वाचतील ती फार तर वीस सेकंदे. वीस सेकंदांसाठी वीस हजार रुपये घालावेत, असे मी कोणालाही सांगणार नाही.

मग हलकेपणा उपयोगी कुठे पडतो? जिथे वेग सतत तुटतो तिथे. उटंबरकडे जाताना वळणावर समोरून गाडी आली की थांबावे लागते आणि पुन्हा चढावरच सायकल उचलावी लागते. कातळावरून जाताना प्रत्येक खाचेत चाक अडते आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा गती द्यावी लागते. आणि पायऱ्यांच्या पाखाडीवर तर सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. माझा बराचसा रस्ता असा तुटक आहे. मुंबई-गोवा महामार्गाने सलग लांब पल्ल्याला जाणाऱ्याचा तसा नसेल, आणि त्याने हा खर्च करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

दुसरा हिशेब पैशांचा. पंधरा दिवस मी दुकानांतून आणि ओळखीच्या सायकलस्वारांकडून भाव गोळा केले आणि प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅममागे किती रुपये पडतात ते लिहिले. हा तक्ता करताच पूर्वीचे सगळे मनसुबे उलटेपालटे झाले. चाकांना हात लावायच्या आधी टायरला हात लावावा, हे त्यातून स्पष्ट झाले. स्वस्त सायकलीबरोबर येणाऱ्या टायरच्या कडेत पोलादी तार असते आणि त्याचे कापडही जाड असते. घडी घालता येणाऱ्या टायरच्या कडेत पोलादाऐवजी अरामिड धागा असतो. तेवढ्याच रुंदीचे घडीचे दोन टायर १,३९० ग्रॅम भरले, म्हणजे ३४० ग्रॅम वाचले आणि त्यांना ४,८०० रुपये पडले. ग्रॅममागे साधारण चौदा रुपये. ट्यूब काढून ट्यूबलेस केल्यास सीलंट (छिद्रे बुजवणारे द्रावण) आणि वॉल्व्ह धरून प्रत्येक चाकात ११० ग्रॅम होतात, म्हणजे दोन्हींत मिळून २१० ग्रॅमची बचत, आणि त्याला १,१०० रुपये, ग्रॅममागे पाच रुपये. हे सर्वांत स्वस्त, पण त्यासाठी रिम ट्यूबलेसजोगी हवी आणि माझी जुनी तशी नव्हती. खुद्द चाकांवर १४,५०० रुपये खर्च झाले आणि त्यात ४६५ ग्रॅम वाचले, म्हणजे ग्रॅममागे एकतीस रुपये. ज्याची चाके धड आहेत त्याने फक्त टायर बदलावेत आणि वर्षभर चालवून पाहावे. माझी चाके मोडकळीला आली नसती तर मीही तेवढ्यावरच थांबलो असतो.

चाक विकत घेताना पहिला प्रश्न ते हलके आहे की नाही हा नसून ते आपल्या सायकलीला बसेल की नाही हा असतो, आणि इथे माझी एकदा फसगत झाली. मार्चमध्ये एका विक्रेत्याकडून मी घरपोच मागचे चाक मागवले. पानावर '२९ इंची, डिस्क ब्रेकसाठी' एवढेच लिहिलेले होते. पेटी उघडली तर आत १४२ मिलिमीटर रुंदीचा, जाड दांडा आरपार जाणारा हब निघाला, आणि माझ्या फ्रेमला लागतो १३५ मिलिमीटरचा, क्विक रिलीजचा. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले आणि वाहतुकीचे पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच. म्हणून आपल्या सायकलीची मापे आधी स्वतःच्या हाताने घ्यावीत, हे मी ठासून सांगेन. मागचे चाक काढून फ्रेमच्या दोन्ही कानांच्या आतल्या बाजूंमधले अंतर पट्टीने मोजावे. जुन्या आणि स्वस्त सायकलींत ते १३५ असते. बारा मिलिमीटर जाड दांड्याच्या फ्रेमला १४२ किंवा अलीकडच्या बूस्ट पद्धतीत १४८ मिलिमीटरचा हब लागतो. पुढे क्विक रिलीजचा हब १०० मिलिमीटरचा असतो, पंधरा मिलिमीटर दांड्याचा हब १०० किंवा ११० चा असतो. रोटर सहा स्क्रूंनी बसतो की मधल्या एकाच चकतीने, तेही पाहून ठेवावे.

चाकाच्या आकाराबाबत इंचांवर अजिबात विसंबू नये. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत '५७-६२२' असा आकडा असतो. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजे २९ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस आणि ५५९ म्हणजे जुने २६. रस्त्यावरच्या ७०० सी सायकलींचा व्यासही ६२२ च असतो, त्यामुळे रिम शोधताना तिकडचीही दिसते, परंतु ती अरुंद असते आणि सव्वादोन इंची टायरला तिचा आधार पुरत नाही.

कॅसेटचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. शिमानो कंपनीच्या जुन्या खाचांच्या फ्रीहबवर (हबच्या कॅसेट धरणाऱ्या भागावर) ८, ९ आणि १० गिअरच्या कॅसेट बसतात, माउंटन बाइकच्या ११ गिअरच्याही बसतात. बारा गिअरच्या शिमानो कॅसेटला मायक्रोस्प्लाइन नावाचा वेगळा हब लागतो, तर स्रॅम कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या बारा गिअरच्या कॅसेटला एक्सडी हब लागतो. आपल्याकडच्या अनेक स्वस्त गिअरच्या सायकलींत मात्र कॅसेटच नसते. सात चकत्यांचे आट्यांचे फ्रीव्हील हबवर पिळून बसवलेले असते. अशा हबात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, मधोमध राहतात, त्यामुळे एक्सलला (दांड्याला) टोकापाशी आधार मिळत नाही आणि खड्ड्यांत तो वाकतो. अशी सायकल असलेल्याने नवे चाक कॅसेटच्या हबचेच घ्यावे. साडेचार मिलिमीटरची एक कडी घातली की सात चकत्यांची कॅसेट त्यावर बसते आणि गिअरची मूठ बदलावी लागत नाही.

एवढे जमल्यावर हलकेपणाचा विचार करावा. चाकात तो रिममध्ये शोधावा. माझ्या जुन्या रिम आतून १९ मिलिमीटर रुंद होत्या आणि प्रत्येकी साधारण ६४० ग्रॅमच्या होत्या. मी निवडलेल्या अॅल्युमिनियमच्या दुहेरी भिंतीच्या रिम आतून २५ मिलिमीटर रुंद असून प्रत्येकी ४८० ग्रॅमच्या आहेत. वाचलेल्या ४६५ ग्रॅमपैकी ३२० ग्रॅम एकट्या रिमने दिले, आणि तेही नेमके कडेवरचे. रुंदी वाढल्यामुळे टायरचे पोट अधिक चांगले बसते आणि कमी हवेतही ते बाजूला लवंडत नाही. चारशे ग्रॅमच्या आसपासच्या रिमही मिळतात. त्या मी दोनदा हातात घेतल्या आणि दोन्ही वेळा परत ठेवल्या, कारण इतकी पातळ भिंत जांभ्याच्या धारेवर एकदा आपटली की पोचा येतो. कार्बनच्या रिमचा विचार या किमतीत करायचाच नाही.

आता जिथे वजन कमी करू नये त्या जागांविषयी. चाचांनी आणि मी सर्वांत अधिक वेळ यावरच बोलण्यात घालवला.

पहिली जागा निपलची. तार रिमपाशी ज्या छोट्या टोपीत पिळली जाते ती टोपी पितळी असते किंवा अॅल्युमिनियमची. पितळी निपल एक ग्रॅमचा, अॅल्युमिनियमचा त्याच्या एक तृतीयांश. दोन्ही चाकांत मिळून ६४ निपल, म्हणजे चाळीस-बेचाळीस ग्रॅमची बचत, आणि ती अगदी कडेवरची. कागदावर हा सौदा उत्तम दिसतो आणि अनेक तयार हलक्या चाकांत असेच निपल असतात. पण अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस पोलाद हे दोन धातू एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली की तिथे बारीकशी बॅटरी तयार होते, तीत अॅल्युमिनियम झिजत जाते. आमच्याकडे घरातल्या खिडकीच्या कड्यादेखील दोन पावसांत फुलतात, तिथे या टोपीचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. चाचांनी मला एका पर्यटकाच्या सायकलीचे चाक दाखवले. निपलांभोवती पांढरी भुकटी साचली होती. तारांची चावी लावून त्यांनी जरासा जोर दिला, तर निपल फिरला नाही, त्याचे चारही कोपरे चुऱ्यासारखे झडून चावीत आले. मग त्या चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायचा कसा? तार कापणे एवढाच मार्ग उरतो. पितळ पोलादाशी बरेच जुळवून घेते, आणि म्हणून त्या चाळीस ग्रॅमांचा मोह मी सोडला.

दुसरी जागा तारांची. स्वस्त चाकांत जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा असतात. मुलामा उडाला की त्या गंजतात, माझ्या तशाच होत्या. स्टेनलेसच्याच घ्याव्यात. त्यात साध्या तारा शेवटपर्यंत दोन मिलिमीटरच्या असतात, तर काही तारा दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरच्या आणि मध्ये १.८ मिलिमीटरच्या बारीक केलेल्या असतात. ६४ तारांत मिळून यामुळे साधारण साठ ग्रॅम वाचतात, पण मी त्या घेतल्या त्या वजनासाठी नव्हे. तार तुटते ती बाकावर, आणि तुटते ती ताण कमी-जास्त होऊन थकल्यामुळे. मुरुडहून दापोलीला एकदा जाईपर्यंत चाक पाच हजारांहून अधिक वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार खाली येते तेव्हा क्षणभर सैल होते आणि पुन्हा ताणली जाते. मधला भाग बारीक असला की तो रबरासारखा थोडा ताणला जाऊन धक्का वाटून घेतो, त्यामुळे बाकावरचा भार हलका होतो. हलकी वस्तू अधिक टिकाऊही आहे, असे सायकलीत क्वचितच घडते. इथे ते घडते.

तारांची संख्या मात्र कमी करू नये. प्रत्येक चाकात ३२ ऐवजी २८ तारा घेतल्या तर दोन्ही चाकांत मिळून निपलसकट पंचावन्न-साठ ग्रॅम वाचतील. पण ३२ तारांच्या चाकाची एक तार उटंबरच्या सड्यावर तुटली तर उरलेल्या ३१ घरी पोचवतात, हे मी तीनदा अनुभवले आहे. शिवाय २८ छिद्रांची रिम पुढे कधी बदलायची झाली तर तेवढ्याच छिद्रांच्या हबशी जुळणारी शोधत पुण्यापर्यंत हिंडावे लागेल.

तिसरी जागा हबची, आणि इथे वजनाकडे पाहूच नये असे माझे मत झाले आहे. हब चाकाच्या मध्यभागी असतो, त्याचे वजन गोल फिरताना जवळजवळ काहीच त्रास देत नाही, आणि तरीही हलक्या चाकांच्या किमतीतला मोठा वाटा तोच खातो. किनाऱ्यावर हबमध्ये पाहायचे ते सील. छर्रे आणि कोनाचे हब वाईट नसतात. तेरा आणि पंधराच्या पातळ पान्यांनी ते घरी उघडता येतात, पुढे दोन्ही बाजूंना दहा-दहा आणि मागे नऊ-नऊ छर्रे धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसवता येतात, आणि जो हे दर दोन महिन्यांनी मनापासून करील त्याला ते वर्षानुवर्षे साथ देतात. मी ते एका पावसाळ्यात केले नाही. खाऱ्या पाण्याने ग्रीस दुधाळ झाले, वाटीत खड्डे पडले आणि वाटी बदलता येत नसल्याने अख्खा हब गेला. म्हणून या वेळी बंद बेअरिंगचे हब घेतले. त्यांत रबरी झाकणांचे ठरावीक मापाचे बेअरिंग असतात आणि ते खराब झाले की ठोकून काढून नवे बसवायचे, हबच्या अंगाला काही होत नाही. बेअरिंगवर क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८ आणि जाडीला ७ मिलिमीटर. हा क्रमांक सांगितला की मोटारींचे बेअरिंग विकणाऱ्याकडेही तो मिळू शकतो. माझी जोडी ५,२०० रुपयांना पडली. जुन्यांपेक्षा ती ८० ग्रॅमनेच हलकी आहे आणि त्याचे मला काहीच वाटत नाही.

तयार चाके घ्यावीत की बांधून घ्यावीत, हा प्रश्न मोठ्या शहरात निराळा असेल. तिथे तयार जोड्या स्वस्त पडतात आणि शर्यतीत उतरणाऱ्यांनी काढून ठेवलेली जवळजवळ नवी चाकेही मिळतात. जुनी घेतल्यास निपलची छिद्रे भिंग लावून पाहावीत आणि फ्रीहब कानाशी धरून फिरवावा. मी बांधून घेण्याचे ठरवले ते एवढ्यासाठी, की तयार जोडीत निपल, तारा आणि हब हे तिन्ही माझ्या मनासारखे एकत्र कुठेच सापडले नाहीत. रिमचे ५,८००, हबचे ५,२००, तारा आणि निपलचे २,३०० आणि बांधणावळ १,२०० असा तो चौदा हजार पाचशेचा हिशेब आहे.

मे महिन्यातल्या एका रविवारी चाचांनी माझ्यासमोर मागचे चाक बांधले. हबच्या कडेत तारा ओवल्या, प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून रिमपर्यंत नेली, निपल अर्धे अर्धे पिळले. इथवर काम झरझर झाले. पुढचे दोन तास मात्र त्यांनी कोणाशी शब्दही काढला नाही. चाक स्टँडवर फिरवायचे, कुठे वर येते, कुठे बाजूला जाते ते पाहायचे, चावीचा पाव फेरा द्यायचा, पुन्हा फिरवायचे. मधूनच ते नखाने तारा छेडत आणि कान देत. कॅसेटच्या बाजूच्या तारांचा स्वर उंच, दुसऱ्या बाजूच्यांचा खाली, पण एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच स्वरात बोलल्या पाहिजेत. एखादी खर्जात गेली की तिथेच ते थांबत. शेवटी त्यांनी शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत घट्ट आवळल्या. प्रत्येक आवळण्याबरोबर कडकड असा आवाज येत होता. तारेत राहिलेला पीळ अशा वेळी सुटतो आणि बाक हबच्या छिद्रात पक्का बसतो. हे केले नाही तर तो पीळ पहिल्याच चढावर सुटतो आणि चाक आऊट होते. मग चाक पुन्हा स्टँडवर गेले आणि पुन्हा चावी फिरू लागली. यंत्रावर भराभर बांधलेल्या स्वस्त चाकांत हा शेवटचा तास नसतो, आणि माझ्या पहिल्या चाकाच्या तारा का तुटल्या असाव्यात ते मला त्या स्टँडपाशी उमगले.

ट्यूबलेसची पट्टी मी घरी लावली. पट्टी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद असावी, ताणून लावावी आणि वॉल्व्हचे भोक तापवलेल्या सुईने पाडावे म्हणजे कडा फाटत नाहीत. आमच्या उकाड्यात सीलंट लवकर सुकते, म्हणून दर दोन महिन्यांनी वॉल्व्ह उघडून आतला ओलावा पाहतो. ट्यूबा होत्या तेव्हा दगडावर चिमटून पंक्चर होऊ नये म्हणून चाळीस पौंड हवा ठेवावी लागे. आता माझ्या ७२ किलोंना पुढे २४ आणि मागे २७ पौंड पुरते. आणि इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. पहिल्या दिवशी कातळावर सायकल जी अलगद चालली, तिचे श्रेय मी आधी कमी झालेल्या वजनाला दिले होते. नंतर मुद्दाम एकदा हवा पुन्हा चाळीसवर नेऊन तोच रस्ता धरला, तेव्हा निम्मी मजा गेली. मऊ कापडाचा टायर कमी हवेत खड्याला अडून उसळत नाही, त्याच्यावर आकार घेऊन पुढे सरकतो. म्हणजे जे मला हलकेपण वाटत होते त्यात टायरचा आणि हवेचा वाटा वजनाइतकाच, कदाचित अधिक होता.

वजनाचा स्वतःचा फरक मला आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या पाखाडीवर कळला. गावातून वर जाणाऱ्या त्या पायऱ्यांवरून सायकल खांद्यावर घेऊन चढताना पूर्वी पुढचे चाक सतत खाली ओढत असे, हाताने हँडल धरून ठेवावे लागे. आता ते खांद्यावर स्थिर राहते. रस्त्यावर उटंबरच्या वळणावर थांबून पुन्हा निघताना पहिले दोन-तीन पेडल सहज पडतात. आसूदच्या चढाला लागणारा वेळ घड्याळावर फारसा बदललेला नाही, आणि तो बदलणार नाही हे हिशेबातच होते.

पावसाळ्यात सायकल थांबली नाही. दर फेरीनंतर चाके गोड्या पाण्याने धुतली, जोराच्या फवाऱ्याने नव्हे, तांब्याने पाणी ओतून, कारण फवारा सीलच्या आत पाणी घुसवतो. पुळणीवर मी ओहोटीच्या वेळीसुद्धा सायकल घालणे सोडले आहे. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर मागचे चाक एका जागी अर्धा मिलिमीटर डावीकडे जाताना दिसले. मी चावी घेऊन अंगणात बसलो आणि त्या जागेच्या निपलला ती लावली. निपल पहिल्याच दाबाला, तेल न घालता, मऊपणे पाव फेरा फिरला.